शिट्टी कोणी वाजवायची?

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा परीक्षा संपत आलेल्या असतील आणि बहुतेकांच्या मनात सुटीचे बेत घोळत असतील. त्या बेतांत आणखी एकाची भर घालावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. जूनमध्ये शाळा उघडल्या की स्काऊट-गाईडचे नवे वर्ष सुरू होते. आधी नव्या मुलांची नोंदणी. पाठोपाठ १ ऑगस्टचा स्कार्फ दिन, १५ ऑगस्टचे संचलन, २ ऑक्टोबरची सर्वधर्म प्रार्थना. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास रेडिओवरून आणि इंटरनेटवरून जगभरच्या स्काऊटांशी बोलण्याचा 'जोटा-जोटी' मेळावा. मग ७ नोव्हेंबरचा स्थापना दिन, दिवाळीनंतरची शिबिरे, आणि २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन. यादी भरगच्च आहे. मात्र तिच्यातील प्रत्येक ओळीसमोर 'कोण करणार?' असा जो एक रकाना असतो, तो बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत मला ठाऊक असलेल्या शाळांतून रिकामा राहू लागला आहे.

मुलेच येत नाहीत, असे कारण पुढे केले जाते. ते खरे नाही. गेल्या पावसाळ्यात जुन्या शाळेच्या फाटकाशी सातवीतल्या तीन पोरांनी मला गाठले. मी तिथे एकेकाळी संघनायक होतो, हे त्यांना कोणी सांगितले कोण जाणे! त्यांच्यातला धीट पोरगा म्हणाला, "दादा, यंदा स्काऊट हाय काय न्हाय?" मी म्हटले, सरांना विचारा. तर म्हणतो, "सरच न्हाईत न्हवं!" आमचे स्काऊटचे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून दोर, काठ्या, झेंडे, तंबूचे खुंटे, सारे एका कपाटात बंद आहे आणि किल्ली कार्यालयात आहे. शाळेचे नाव लिहीत नाही, कारण अशी शाळा एकच नाही. दुसऱ्या कोणा शिक्षकाने हे काम घ्यावे म्हणावे, तर त्यांच्या मागे मतदार याद्या आहेत, निवडणुकीची कामे आहेत, दुपारच्या आहाराचा हिशेब आहे. ज्यांच्यावर हे काम लादले जाते ते गणवेषाची यादी भरून पाठवितात आणि तेथेच थांबतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मुले आहेत, दोर आहेत, मैदान आहे. शिट्टी वाजविणारा नाही. हे काम आता आपण महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अंगावर घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत काही मोठे क्रांतिकारक नाही. या चळवळीचा जन्मच मुळी असा झाला. बेडन-पॉवेल हे इंग्रज सेनाधिकारी. १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंगला वेढा पडला आणि तो २१७ दिवस टिकला. त्या दिवसांत निरोप पोचविण्यासारखी कामे गावातील मुलांच्या एका तुकडीने केली. मुलांवर जबाबदारी टाकली तर ती पेलतात, हा धडा त्यांनी तेथून उचलला. १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे शिबिर भरविले. बड्या घरची मुले आणि कामकऱ्यांची मुले एकाच तंबूत झोपली. त्या काळच्या इंग्लंडात ही गोष्ट लहान नव्हती. १९०८ मध्ये 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हे त्यांचे पुस्तक पंधरवड्याच्या भागांतून निघू लागले. मुलांसाठी आधीपासून काम करणाऱ्या संस्थांनी ते वापरावे, एवढीच त्यामागे कल्पना होती. झाले भलतेच! मुलांनी स्वतःच्या खाऊच्या पैशांतून ते भाग घेतले, आपसांत संघ बनविले, आणि मग आपल्याला शिकवील असा कोणी मोठा माणूस शोधत ती हिंडू लागली. संघटना, कचेरी, नियम हे सगळे मागाहून आले. मोठ्यांना शिकविण्याची सोय, म्हणजे लंडनजवळचे गिलवेल पार्क, तर १९१९ मध्ये उघडले. शाळेच्या फाटकाशी मला भेटलेली ती तीन पोरे या चळवळीच्या अगदी मूळ परंपरेतली आहेत, असेच म्हणावयाचे.

आपल्या देशातील पहिले पथक १९०९ मध्ये बंगळूरला, म्हणजे आपल्याच राज्यात, कॅप्टन बेकर यांनी काढले. ते युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. आपल्या मुलांना दार बंद. दार उघडेपर्यंत वाट पाहत बसणारे लोक तेव्हा नव्हते, हे आपले भाग्य. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. मध्य प्रांतात विवियन बोस यांनी भारतीय मुलांना या कामात आणले. आता ही माणसे पाहा. कुंझरू संसदपटू, घटना समितीचे सभासद. बोस वकील, पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. 'वेळ मिळत नाही' हे म्हणण्याचा हक्क कोणाला असेल तर तो यांना होता. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संघटना एक होऊन भारत स्काऊट्स झाले, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड्सही त्यांना मिळाल्या. आज आपण ७ नोव्हेंबरला झेंड्याची चिकटचित्रे वाटतो ती त्या दिवसाची आठवण.

स्काऊटमास्तर नेमके काय करतो, याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. तो कवायत घेतो, असे लोकांना वाटते. कवायत ही त्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत थोडी गोष्ट. पथकात साधारण बत्तीसपर्यंत मुले, त्यांचे सहा ते आठ जणांचे संघ, आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांतलाच एक. खरे काम संघनायकाने करायचे असते. मास्तराने त्याला आठवड्यातून एकदा वेगळे शिकवायचे आणि मग शनिवारी गप्प उभे राहायचे. हे गप्प उभे राहणे फार कठीण आहे! आम्ही एकदा येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो होतो. सरांनी चारही संघांना हाती काढलेला नकाशा दिला आणि स्वतः दोनशे पावले मागे राहिले. एका फाट्यावर आमचे भांडण जुंपले, डावीकडे की उजवीकडे. सर मागून आले, एका दगडावर बसले आणि खिशातल्या भुईमुगाच्या शेंगा सोलू लागले. वीस मिनिटे आम्ही भांडलो. त्यांनी एक शब्द काढला नाही. शेवटी नकाशावरचे देऊळ आणि समोरचे देऊळ यांचा मेळ आमच्यातल्याच एकाने घातला, तेव्हा सर शेंगांची टरफले पिशवीत भरून उठले. वर्गात तेच सर पाच मिनिटांत फळ्यावर उत्तर लिहून मोकळे होत.

शनिवारच्या दोन तासांचा आराखडाही काही अवघड नाही. झेंडा, प्रार्थना, नखे-केसांची तपासणी. एक धावपळीचा खेळ. गाठी किंवा प्रथमोपचार यांपैकी एक. संघांची आपापली बैठक. पुन्हा एक खेळ. पावसाने मैदान गेले तर वर्गात किमचा खेळ: ताटात चोवीस वस्तू मांडायच्या, एक मिनिट पाहू द्यायच्या, वर फडके टाकायचे आणि आठवतील तेवढ्या लिहायला लावायच्या. त्याला लागते काय? घरातल्याच किल्ल्या, बटणे, चमचे आणि एक फडके.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून 'खरी कमाई'विषयी न लिहिणे मला शक्य नाही. स्काऊटांनी कष्ट करून थोडे पैसे मिळवायचे आणि त्याचा चोख हिशेब ठेवायचा, असा हा उपक्रम. आमच्या संघाने आठवीत भेळ विकली. चिरमुरे, फरसाण, कांदे, चिंच, कोथिंबीर मिळून खर्च १८० रुपये, विक्री ३१०. आमच्या खजिनदाराने फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'नफा १३०' लिहिले. सरांनी त्याला विचारले, "चिंचेची चटणी कोणी केली?" "आईनं." "गॅस कोणाचा?" "घरचा." "मग आईची मजुरी आणि गॅस कोणत्या खात्यावर टाकलास?" तेव्हा आम्ही हसलो. पुढे बी. कॉम.ला परिव्ययाच्या पुस्तकात तोच प्रश्न इंग्रजी पोशाखात भेटला. आता वाटते, सरांनी स्वतःच्या शनिवारांविषयी हा प्रश्न कधी कोणाला विचारला नाही. वर्षाचे चाळीस शनिवार, दर शनिवारी दोन तास, म्हणजे ऐंशी तास. शिबिराचे दिवस आणि सायकलला लागणारी हवा वेगळीच. तीस वर्षे त्यांनी हे केले. शाळेच्या कोणत्याही ताळेबंदात त्या तासांची नोंद नाही, म्हणून ते थांबले तेव्हा काही गेले असे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या महाविद्यालयात रोव्हरांचा गट आहे, मीही त्यात आहे. रोव्हरचे ब्रीद एकाच शब्दाचे आहे: सेवा. आमची सेवा कोणती? विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरून गर्दी आवरणे, संमेलनात पाहुण्यांच्या गळ्यात स्कार्फ घालणे, व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना ताठ उभे राहणे. ही कामे वाईट नाहीत. पण गळ्यात स्कार्फ आहे म्हणून हा स्काऊट, असे ज्याच्याविषयी म्हणावे लागते त्याचे छायाचित्र छान येते, एवढेच. पंचविसाव्या वर्षापर्यंत माणूस रोव्हर राहू शकतो. म्हणजे पदवी होऊन नोकरी लागेपर्यंतचा काळ. याच काळात अंगात जोर असतो, घरची जबाबदारी कमी असते, आणि बारा वर्षांच्या मुलाला आपण 'सर' न वाटता 'दादा' वाटतो. मुलींच्या शाळांत तर गाईडच्या ताईंची ओढ याहून अधिक. आपल्या वर्गभगिनींनी हे वाचावे आणि मुलांचेच काम समजून पान उलटू नये. गाईडिंगच्या जगातील जी मोजकी जागतिक केंद्रे आहेत त्यांतील एक, 'संगम', १९६६ पासून पुण्यात आहे. बेळगावाहून ते एका रात्रीच्या गाडीवर आहे!

"पण याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला कट्ट्यावर हमखास विचारला जातो. प्रमाणपत्राला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याने पावती घेऊ नये असे म्हटले तो वाणिज्याचा विद्यार्थी कसला! रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडांसाठी राखीव जागा असतात, आणि राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत पोचलेल्या मुलाला त्याचा लाभ मिळाला तर आनंदच आहे. मात्र प्रमाणपत्र हाच हेतू झाला की काय होते, तेही मी पाहिले आहे. एका शिबिरात तीस मुलांच्या नोंदवह्या तीस नव्हत्या. एकच वही तीस वेळा उतरविलेली होती. 'मी केलेली सत्कृत्ये' या सदरात तीसही मुलांनी एकाच तारखेला एकाच आंधळ्या आजोबांना रस्ता ओलांडून दिला होता. त्या बिचाऱ्या आजोबांना त्या दिवशी घरी परत जाता आले की नाही, देव जाणे! त्या मुलांना नावे ठेवायची नाहीत. त्यांच्याबरोबर वर्षभर मैदानावर उभा राहणारा कोणी असता तर वही आपोआप निराळी झाली असती.

भाषेचा प्रश्नही टाळण्यात अर्थ नाही. आपल्या भागात तो कशात नाही? परिपत्रके कन्नडमधून येतात, पुस्तके इंग्रजी, हिंदी किंवा कन्नड. मराठी शाळेतील मुलगा तृतीय सोपानाच्या चाचणीला बसतो तेव्हा त्याला गाठ येते, पण गाठीचे नाव कळत नाही. आमच्या सरांनी पुण्याहून एक मराठी पुस्तक आणले होते. त्याची पाने सुटी होईपर्यंत ते फिरले. यावर तक्रार करणे रास्त आहे आणि ज्यांना करायची त्यांनी जरूर करावी. परंतु तक्रारीचे उत्तर येईपर्यंत आठवीतला मुलगा दहावी पास होऊन जातो. आपल्यासारख्या दोन्ही भाषा येणाऱ्या विद्यार्थ्यांना एक परिपत्रक मराठीत उतरवायला कितीसा वेळ लागतो? मी चार उतरविली. रात्रीच्या जेवणानंतर, तासाला एक.

वस्तुतः मैदानावर हा प्रश्न फारसा उरतच नाही. आमच्या रोव्हर गटातील माझा एक मित्र कन्नड माध्यमातला. वडगाव-खासबागकडील मुलांना गाठी शिकवायला आम्ही दोघे चार रविवार गेलो. मी म्हणे 'दोर', तो म्हणे 'हग्ग'. मी 'गाठ', तो 'गंटु'. मुले एकाच वाक्यात दोन्ही वापरून मोकळी. शीट बेंड ही दोन दोर जोडायची गाठ आम्ही मोठ्या तयारीने शिकवायला घेतली, तर मागावर काम करणाऱ्या घरातला एक मुलगा हसू लागला. सुताचा धागा तुटला की त्याच्या घरी जोडतात ती गाठ हीच! त्याने ती डोळे मिटून, बोटांच्या चिमटीत, आम्ही 'एक' म्हणेपर्यंत मारून दाखविली. त्या रविवारी शिट्टी आम्ही त्याच्याच हाती दिली.

म्हणून माझी सूचना अशी. जूनपासून प्रत्येक शाळेला आपण दोघे दोघे जावे. शक्य तेथे एक मराठी आणि एक कन्नड. दोघे असण्याला आणखीही कारण आहे. लहान मुले आपल्या ताब्यात असतात तेव्हा एकट्या मोठ्या माणसाने ती सांभाळू नयेत. दोघे असावेत आणि शाळेतील एका शिक्षकाची संमती व नजर असावी, हे पालकांच्या आणि आपल्याही हिताचे. परीक्षेच्या महिन्यात जोडीतला एक अभ्यासाला बसला तरी शिक्षकांच्या सोबतीने शनिवार बुडत नाही. आमच्या जिल्ह्याबाहेरचे, राज्याबाहेरचे मेळावे तूर्त बाजूला ठेवावेत असेही मी म्हणेन. २०२२ च्या डिसेंबरात मूडबिद्रीला आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक जांबोरी झाली, २०२५ च्या नोव्हेंबरात लखनौला राष्ट्रीय जांबोरी झाली. २०२७ मध्ये पोलंडमधील ग्दान्स्कला जागतिक जांबोरी व्हायची आहे. ही नावे ऐकून छाती फुगते. पण ज्या शाळेत शनिवारची शिट्टी वाजत नाही तेथून जांबोरीला जाणारा मुलगा बहुधा फक्त गणवेष घालून प्रवास करून येतो.

शिकण्याची सोय आहे. पथक चालविणाऱ्यांसाठी सात दिवसांचा बेसिक कोर्स असतो. पुढे ॲडव्हान्स्ड, आणि त्याहीपुढे हिमालय वुड बॅज, ज्यात चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी मिळतात. बंगळूरजवळ दोड्डबळ्ळापूरला राज्याचे प्रशिक्षण केंद्र आहे. ज्या बेझंटबाईंचा वर उल्लेख केला त्यांचेच नाव त्याला दिलेले आहे. सुटीतले सात दिवस काढणे कठीण नाही. ज्यांना तेही जमणार नाही त्यांनी निदान वर्षभर सहायक म्हणून उभे राहावे.

याच विषयावर माझ्या त्या मित्राने कन्नड विभागात त्याच्या शब्दांत लिहिले आहे. मी लिहिलेले त्याने वाचले नाही आणि त्याचे मी वाचले नाही, तेव्हा दोन्ही वाचून कोणाला मतभेद आढळले तर आम्हांला जरूर कळवावे. शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही आपल्या महाविद्यालयाच्या मैदानावर, खो-खोच्या खांबापाशी असू. शाळांची वाटणी तेथेच करू. माझ्या जुन्या शाळेच्या कपाटाची किल्ली मागायला मी आणि तो सोमवारी जाणार आहोत. येताना प्रत्येकाने दोन-अडीच मीटर दोर आणावा. सुती आणावा, नायलॉनचा नको, त्याची गाठ सुटते.